तीनशे बारा टिंबं

१

माझं काम सांगितलं की लोकांना हसू येतं. मी नाण्याने मोटारी वाजवते.

आमचा कारखाना वर्षाला जेमतेम चाळीस गाड्या काढतो. सगळ्या बुटक्या, रुंद, तीनशेच्या पुढे पळणाऱ्या, आणि ज्यांना त्या परवडतात त्यांना बहुधा नीट चालवता येत नाहीत. म्हणून गाडी आपटल्यावर आतल्या माणसाचं काय होतं, हा प्रश्न आमच्याकडे फार मनावर घेतात. नाक चुरगळतं, मागचा भाग इंजिनासकट सुटून लांब जाऊन पडतो, दारं उडतात. हे सगळं मुद्दाम तसं केलेलं असतं. मोडायचा नाही तो फक्त मधला टब. कार्बनच्या कापडाचे थर एकावर एक चिकटवून भट्टीत भाजलेला, माणूस बसतो तेवढाच भाग.

लोखंड वाकलं की दिसतं. कार्बन काही दिसू देत नाही, वरून चकचकीत आणि आत थर सुटलेले. त्यासाठी टबवर ठरलेल्या जागी पांढरी टिंबं काढलेली असतात, तीनशे बारा, आणि प्रत्येक टिंबावर नाणं वाजवायचं. थर घट्ट असले तर ठण् असा आवाज येतो, सुटलेले असले तर थप्. यंत्रं आहेत, पण साहेबांचा माझ्या कानांवर जास्त भरवसा. एकोणीस वर्षांत कान चुकलेला नाही. हे मी स्वतःच सांगते, कारण दुसरं कोणी सांगत नाही.

मोठे कारखाने प्रत्येक चाचणीला नवी गाडी आपटतात. आमच्याकडे एक टब व्हायला पाच आठवडे लागतात, त्यामुळे आम्ही पहिला केलेला टबच पुन्हापुन्हा आपटतो. त्याला सगळे थोरली म्हणतात. थोरलीला नवं नाक लावायचं, नवं मागचं अंग लावायचं, चाचणीच्या रस्त्यावर एक फेरी मारून गाडी सरळ पळते का बघायचं, मग आत डमी, म्हणजे माणसाएवढा बाहुला, बसवून भिंतीवर सोडायची. डमीला आमच्यात पाहुणे म्हणतात. ‘पाहुणे बसले का?’ अशी हाक आली की कानांवर हात ठेवायचे. दुसऱ्या दिवशी सकाळी मी नाणं घेऊन जाते.

फेरी मारणारा ड्रायव्हर म्हणजे माझा धाकटा भाऊ. आई गेली तेव्हा तो नऊ वर्षांचा होता आणि मी वीस. त्याला जेवायला, अभ्यास करायला आणि गाडी चालवायला मीच शिकवलं, त्यातलं तिसरंच तेवढं त्याला आलं. तो ताई म्हणतो म्हणून कारखान्यात सगळेच मला ताई म्हणतात, माझ्याहून बारा वर्षांनी मोठे असलेले साहेबसुद्धा.

२

सहाव्या आपटीनंतरच्या सकाळी मी नेहमीसारखी गुडघ्याखाली उशी घेऊन बसले आणि एकपासून सुरुवात केली. ठण्, ठण्, ठण्. हात चालत होता, डोक्यात घरची भाजी होती. एकशे अठरावर ठण् झालं आणि मी पुढे गेले. एकशे पंचवीसपर्यंत पोचले तेव्हा कुठे माझा हात थांबला.

एकशे अठरा ठण् वाजत नाही.

ते टिंब ड्रायव्हरच्या डाव्या कमरेशी, उंबऱ्यासारख्या जाड कडेवर आहे. टब भट्टीतून निघाला त्या दिवशीच तिथे थप् झालं होतं. थरांमध्ये हवेचा एक बुडबुडा राहिला होता, नाण्याएवढाच. साहेब म्हणाले होते, चालेल, तिथे जोर येत नाही. मी माझ्या वहीत त्याला लाल गोल केला होता आणि पाचही आपटींनंतर तिथे मुकाट्याने ‘थप्, जुनाच’ असं लिहीत आले होते.

मी परत वाजवलं. ठण्. नाणं उलटं धरून वाजवलं, नखाने वाजवलं, शेवटी कान टेकवून वाजवलं. तिथे बुडबुडा नव्हता.

कार्बन बरा होत नाही. हाड जुळतं, कातडी भरून येते, लाकूडसुद्धा पावसात फुगून भेग बुजवतं. सुटलेला थर परत चिकटत नाही, कधीच नाही. माझी नोकरीच त्या एका गोष्टीवर चालली आहे.

मी साहेबांकडे गेले. ते चष्मा कपाळावर चढवून बसले होते.

“म्हणजे दोष होता तो आता नाही, अशी तुमची तक्रार आहे?” ते म्हणाले.

“तो गेला कुठे, असा माझा प्रश्न आहे.”

“ताई, वहीत दोषाचा रकाना आहे. दोष गेल्याचा रकाना नाही. सुट्टी घ्या दोन दिवस.”

मग त्यांनी मला सातव्या चाचणीचं सांगितलं. नियमात बसतो त्याच्या दुप्पट वेगाने थोरली भिंतीवर घालायची, बाहेरचे लोक बोलावून, त्यांच्या देखत. पुढच्या गुरुवारी, चार वाजता. दुप्पट वेग म्हणजे चौपट मार, हे त्यांनाही ठाऊक होतं आणि मलाही.

३

रविवारी दुपारी धाकटा जेवायला आला. येताना टेबलाच्या कोपऱ्यावर त्याची डावी कंबर अशी आदळली की पाण्याचा तांब्या कलंडला. तो तसाच खुर्चीत बसला आणि वाढून घ्यायला लागला.

“लागलं नाही का रे?”

“कुठे?”

मी त्याला उभं केलं. ‘तू काय डॉक्टर आहेस’ वगैरे कुरकुर झाली, पण शेवटी त्याने सदरा वर केला. कातडी धड होती, टेबलाच्या कोपऱ्याचा लाल ओरखडा तेवढा उठला होता. “इथे काही कळतच नाही,” तो म्हणाला. “टाचणी टोचून बघितली. आठवडा झाला. डॉक्टर म्हणतात बसून बसून शीर दबली असेल.”

“आणखी कुठे आहे असं?”

“नडगीवर एक आहे, जुनं. पायाच्या अंगठ्याशी एक. मांडीवर. एवढं काय त्यात?” तो हसला. “ड्रायव्हरचं बूड बधिरच असतं ताई.”

जागा नाण्याएवढी होती. माझं नाणं खिशातच असतं. मी ते काढलं आणि काही विचार न करता, सवयीने, त्याच्या कमरेच्या हाडाशी हलकेच वाजवलं. माणसाच्या अंगावर नाणं वाजवलं तर नीट आवाज येत नाही, हे मला कळतं. मी शेजारी वाजवून बघितलं, उजव्या बाजूलाही वाजवलं, तिथे काही म्हणण्यासारखं नव्हतं. त्या एका जागेवर मात्र आवाज आला. पाचही आपटींनंतर वहीत लिहीत आले होते तोच, थप्.

“आता मला वहीत लिहिणार का?” धाकट्याने विचारलं.

मी त्याला भात वाढला.

४

सोमवारी मी चाचण्यांची चित्रफीत काढून बसले. आमचा कॅमेरा एका सेकंदाचे हजार तुकडे करतो. डोळ्याला दिसतो तो नुसता धडाका. तुकड्या-तुकड्याने पाहिलं की सगळं अगदी शांतपणे होतं. नाक घडी होत जातं, काचेचे कण हवेत उभे राहतात, पाहुणे पट्ट्यांत पुढे झुकतात.

सहाव्या चाचणीत पाहुणे पुढे झुकले की त्यांच्या पाठीमागे त्यांचीच सीट रिकामी दिसायला हवी. तीन तुकड्यांत ती रिकामी नव्हती.

तिथे अंधार होता, म्हणू या. धूळ असेल, एअरबॅगच्या फुग्याची सावली असेल. पण पाहुणे पुढे फेकले जात होते आणि तो अंधार जागचा हलत नव्हता. टेकून बसला होता. त्याचं डावं कोपर खिडकीच्या कडेवर बाहेर काढलेलं होतं. पाहुण्यांचे हात स्टिअरिंगच्या चाकाला बांधलेले असतात. कोपर असं बाहेर काढून कोण बसतं ते मला ठाऊक होतं. त्यावरून मी त्याला हजारदा ओरडले आहे.

मी यंत्र बंद केलं, चहा घेतला, परत लावलं. अजून होतं.

मग मी आधीच्या ड्रायव्हरला फोन केला. पहिल्या दोन चाचण्यांच्या फेऱ्या त्याने मारल्या होत्या, नंतर नोकरी सोडली. इकडचं तिकडचं झाल्यावर मी विचारलं, तब्येत कशी.

“गुडघ्याची वाटी बधिर आहे, आणि घोटा,” तो म्हणाला. “तिथे असतानाच झालं ते. सोडल्यापासून वाढलं नाही, पण गेलंही नाही. तुम्हाला कसं कळलं ताई?”

“उगाच विचारलं,” मी म्हणाले. दोन चाचण्या, दोन जागा. धाकट्याच्या चार, आणि त्याने फेऱ्याही चारच मारल्या होत्या. सोडलेल्याचं वाढलं नव्हतं. थोरली धरते ती शेवटी जो बसला त्याला.

हे सगळं योगायोगाने होऊ शकतं. मी मोजणारी बाई आहे, योगायोग मला मान्य आहे. पण एकदा तपासून बघितल्याशिवाय मी काहीही मान्य करत नाही.

५

मंगळवारी जेवणाच्या सुट्टीत शेड रिकामी झाली. माझं म्हणणं साधं होतं. टबमध्ये दोष सापडला तर गुरुवारची चाचणी रद्द होते. दोष नसेल तर करायचा. एकोणीस वर्षं प्रामाणिकपणे काम केल्यावर माणसाला एक लबाडी माफ असावी.

मी दोनशे चार नंबर निवडला, ड्रायव्हरच्या डाव्या खांद्यामागे, सहज दिसणार नाही असा. गोल तोंडाचा हातोडा घेतला, कपडा गुंडाळला आणि एकच घाव घातला. नाणं वाजवलं. थप्. इतकं बरं वाटलं मला. मी उठून वही आणली, पान काढलं, तारीख घातली, आणि लिहिण्याआधी नियमाप्रमाणे दुसऱ्यांदा वाजवलं.

थप्. मग त्याहून थोडा कोरडा. मग मधलाच कसलातरी. मी वाजवत राहिले आणि माझ्या नाण्याखाली तो आवाज हळूहळू वर चढत गेला, भांड्यात पाणी भरताना चढतो तसा. ठण्.

शेडमध्ये दुसरं कोणी नव्हतं. छताचा पंखा फिरत होता. रिकाम्या टबमध्ये, सीटच्या चामड्यावर, कुणीतरी पाठ जरा सरकवून बसावं तसा एक करकर आवाज झाला आणि थांबला.

खिशात फोन वाजला.

“ताई, घरी येतेस का जरा?” धाकट्याचा आवाज होता, हसरा करायचा प्रयत्न केलेला. “घाबरू नकोस. चहा पीत बसलो होतो, कप हातातून पडला. डावा खांदा एकदम… मागून कुणी हाणल्यासारखं वाटलं. आता काही कळतच नाही तिथे.”

मी हातोडा खाली ठेवला. तो ठेवतानासुद्धा टबला लागू नये म्हणून मी दोन्ही हातांनी ठेवला. माझ्या भावाला मी लहानपणी एक चापट मारली होती, त्याचं मला अजून वाईट वाटतं.

६

साहेबांना सांगून बघितलं, अर्थातच. वेड्यासारखं दिसणार हे माहीत होतं, तरी सांगितलं. त्यांनी पूर्ण ऐकून घेतलं, हे त्यांच्या बाजूने सांगायला हवं.

“दोष सापडला का?” शेवटी त्यांनी विचारलं.

“नाही.”

“मग नसलेल्या दोषासाठी मी चाचणी थांबवू?” ते म्हणाले. “तुम्ही सही करू नका हवं तर. मी करतो.”

बुधवारभर मी हिशेब मांडत होते. कापून टाकावं तर तो कापला जाणार. लपवावं तर दोन टन वजन आणि मी एकटी. धाकट्याला सांगावं तर तो हसणार, आणि मला खोटं पाडायला दोन फेऱ्या जास्त मारणार. त्याला मी वाढवलं आहे. नियमाच्या वेगात आपटली तेव्हा प्रत्येक वेळी एक नाणं गेलं होतं. चौपट मारात काय जाईल, हे मला सांगता येत नव्हतं. मणका नाण्याहून फार मोठा नसतो.

उरलेली वाट एकच होती आणि ती दिसल्यावर मला उलट झोप चांगली लागली.

गुरुवारी फेरी दोन वाजता होती. बारा वाजता मी किल्ल्यांच्या फळीवरून किल्ली घेतली, फाटकावरच्या माणसाला “साहेबांनी सांगितलंय” म्हटलं आणि थोरलीत बसले. आजवर मी तिच्यात वाकले होते, डोकं घातलं होतं, गुडघे टेकले होते. बसले कधीच नव्हते.

सीट धाकट्याच्या मापाची होती, तो माझ्याहून वीतभर उंच. माझे पाय पोचायला नको होते. ते पोचले. पाठीमागचं चामडं कोमट होतं. ऊन पडलं असेल, असं मी मोठ्याने म्हणाले. शेडला पूर्वेला एकच खिडकी आहे.

पट्टे आवळले आणि इंजिन चालू केलं. तीनशेच्या पुढे पळणारी ती गाडी मी चाळीसच्या वेगाने एक पूर्ण फेरी फिरवली. रस्त्याकडेला गवत कापणारा माळी हात थांबवून बघत राहिला. अर्ध्या रस्त्यात माझ्या डाव्या कुशीला, एकशे अठराच्या जागी, आतून काहीतरी टेकलं. टोचलं नाही की ढकललं नाही. शिंपी मापाची पट्टी लावतो तेवढंच.

“घे माप,” मी म्हणाले. “त्याला सोड.”

परत आले तेव्हा धाकटा शेडच्या दारात, डावा हात पोटाशी धरून उभा होता.

“माझी फेरी तू का मारलीस?” तो चिडला होता. “आणि चाळीसने? लोक हसतायत ताई.”

“हसू देत. तुझा खांदा धड नाही.”

“एका हाताने चालवतो मी. चल, उतर, एक मारून येतो.”

मी किल्ली काढून खिशात घातली आणि दारात आडवी उभी राहिले. नऊ वर्षांचा असताना तो जसा माझ्याकडे बघायचा तसा बघत राहिला. मग हसला, आणि चहा आणायला गेला.

७

चार वाजता मी काचेमागे उभी होते, तो शेजारी. पाहुणे बसले. भोंगा झाला. मी त्याचा उजवा हात धरला. त्याला वाटलं मी घाबरले आहे, म्हणून त्याने माझा हात थोपटला.

धडाका झाला तेव्हा माझ्या अंगाला काहीच लागलं नाही. फक्त आवाज एका बाजूचा कुणीतरी चिमटीत धरून काढून घेतला. माझा तोल गेला आणि धाकट्याने मला सावरलं. तो काहीतरी बोलत होता. तो डावीकडे उभा होता, त्यामुळे मला फक्त त्याचे ओठ दिसले.

तो उभा होता. दोन्ही पायांवर, धडधाकट, घाबरलेला. मला रडू आलं आणि मी ते येऊ दिलं.

दुसऱ्या दिवशी मी उजवा कान टबकडे करून तीनशे बारा टिंबं वाजवली. डाव्या हाताच्या तीन बोटांना नाणं कळत नव्हतं, म्हणून उजव्याने वाजवलं. वेळ दुप्पट लागला. सगळी ठण् वाजली. मी लिहिलं, ‘दोष आढळला नाही’, आणि खाली सही केली, कारण ते खरं होतं.

चित्रफीत साहेबांनी सगळ्यांना दाखवली. नाक गेलं, दारं गेली, मागचं अंग पन्नास फूट लांब जाऊन पडलं, आणि टब तसाच. टाळ्या झाल्या. पाहुणे पुढे झुकले तेव्हाचे तुकडे त्यांनी भरभर पळवले, पण मी बघायचं ते बघितलं. मागे सीटमध्ये कुणीतरी बसलं होतं. कोपर बाहेर नव्हतं. मान डावीकडे कललेली होती, टबच्या कडेकडे कान लावून, नाणं वाजवल्यावर मी कलवते तशी.

“असा टब पुन्हा होणे नाही,” साहेब म्हणाले. “आता दर महिन्याला एकदा लोकांसमोर आपटून दाखवू. दर वेळी वेग थोडा वाढवू.”

“पुढची फेरी माझी,” धाकटा मागून म्हणाला. तो माझ्या उजवीकडे बसला होता, त्यामुळे मला नीट ऐकू आलं.

“नाही,” मी म्हणाले. “यापुढे सगळ्या फेऱ्या मीच मारणार.”

लोक हसले. साहेबही हसले आणि ‘चाळीसने’ असं काहीतरी म्हणाले. मी खिशात हात घातला. किल्ली तिथेच होती, अजून जरा कोमट. मी ती परत फळीवर लावलेली नाही.